नायनांना शोधणारा श्रीनू

श्रीनिवास गेल्याची बातमी मला त्याच्या आईनं दिली, तीही 'गेला' हा शब्द न वापरता. सकाळी ऑफिसला निघता निघता फोन वाजला. अम्मा म्हणाल्या, "तू जरा घरी ये. श्रीनू उठत नाही." मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा दारात चपला साचल्या होत्या आणि डॉक्टर जिना उतरत होते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून पुन्हा तेवढंच म्हणाल्या, "उठत नाही..." त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो, आणि पुढं सोलापुरातच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत शेजारी शेजारी बसलो. त्याचं घर तेलुगू, विणकरांचं. वडिलांना तो नायना म्हणायचा. नायनांचं आयुष्य मागावर चादरी विणण्यात गेलं. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. आधी मराठी गेली, मग नातेवाइकांची नावं गेली, तेलुगू तेवढी राहिली. एकदा श्रीनू आंघोळीला गेला होता, अम्मा स्वयंपाकघरात होत्या, आणि दाराची कडी काढून नायना बाहेर पडले. कुणीतरी त्यांना स्टेशनवर पाहिलं होतं. सोलापूरच्या स्टेशनवरून माणूस पुण्याकडं जाऊ शकतो, कर्नाटकात जाऊ शकतो, पार आंध्रात जाऊ शकतो. तक्रार झाली, भिंतीवर फोटो लागले, पाहुणे चारी दिशांना फिरून आले. नायना सापडले नाहीत. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं, मग येणंही सोडलं. काय बोलावं हे कुणाला कळेना. श्रीनूला हैदराबादची चांगली नोकरी चालून आली, ती त्यानं घेतली नाही. लग्नाचा विषयही तो टाळत राहिला. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "नायना परत आले आणि दार बंद असलं तर?"

बेवारस सापडलेल्या माणसांच्या सूचना इंटरनेटवर टाकल्या जातात. कुठं पोलिसांच्या पानावर, कुठं दवाखान्याच्या, कुठं एखाद्या आश्रमाच्या. कुठं मराठीत, कुठं कन्नडमध्ये, कुठं तेलुगूत. श्रीनू ती सगळी पानं रोज स्वतः वाचायचा. मग त्यानं ती वाचून त्यातली माहिती उचलणारा प्रोग्राम लिहिला आणि ती नायनांच्या वर्णनाशी ताडणारं छोटं ॲप केलं. पानांवरून अशी माहिती उचलण्याला आमच्या धंद्यात स्क्रेपिंग म्हणतात. पण कुणी आपल्या पानाची मांडणी जरा बदलली की प्रोग्राम आंधळा व्हायचा. एकदा त्याच्या लक्षात आलं की एका दवाखान्याचं पान कितीतरी दिवस कोरंच येतंय. तो म्हणाला, "त्याच दिवसांत ते तिथं असले तर... कुणी सांगावं?"

मी त्याला कनेक्टर घ्यायला सुचवलं. म्हणजे बाहेरच्या एका कंपनीची तयार सेवा; ती पानं वाचते, मांडणी बदलली तरी सांभाळून घेते आणि निवडलेली माहिती आपल्या ॲपच्या हातात देते. त्याला ते पटेना.

"नायनांचं काम परक्यावर सोडू?"

"वाचायचं काम सोड. ओळखायचं तुझ्याकडंच राहू दे की," मी म्हणालो.

एका रविवारी दुपारी आम्ही तो कनेक्टर जोडला. ज्या पानांवर यंत्रानं वाचायला मनाई लिहिली होती ती श्रीनूनं वगळली. तिथं तो फोन करून माणसाशी बोलायचा. आणि मग पहिल्यांदाच सगळ्या सूचना एका जागी आल्या. अंदाजे वय, सदऱ्याचा रंग, कपाळावरची जखम, बोलता येत नाही... श्रीनू बराच वेळ वाचत होता. शेवटी म्हणाला, "अरे, हे सगळे कुणाचे तरी नायनाच आहेत." त्या दिवसापासून ॲप फक्त त्याच्या घरापुरतं राहिलं नाही. ज्याचं माणूस हरवलंय त्यानं त्यात वर्णन भरावं, ॲप ते सूचनांशी ताडून बघेल.

पहिली ओळख पटली ती सांगोल्याकडच्या एका मेंढपाळ म्हाताऱ्याची. मनगटावर बिरोबाचं नाव गोंदलेलं होतं, त्यावरून. कर्नाटकातल्या एका आश्रमात ते होते. त्यांच्या मुलाला कन्नड येत नव्हतं, आम्हाला कामापुरतं यायचं, म्हणून श्रीनू आणि मी सोबत गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. मुलगा समोर जाऊन उभा राहिला. म्हातारा त्याच्याकडं बघत म्हणाला, "मेंढरं कुटं सोडून आलास?" तो मुलगा खाली बसला आणि बापाच्या पायाला मिठी मारून रडला. मग डोळे पुसत श्रीनूला म्हणाला, "दादा, तुमचं बी कोण हाय का हरवल्यालं?" श्रीनू म्हणाला, "व्हय. वडील." आणि तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून. परतीच्या वाटेवर बाप-लेक मागं बसून गावाकडच्या गोष्टी बोलत होते. श्रीनू सांगोल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

पुढं आणखी काही माणसं घरी पोचली. नायना नाही. तरी श्रीनू कडवट झाला नाही, फक्त बोलायचा कमी झाला. ऑफिसात दुपारी सगळे डबे घेऊन एकत्र बसायचे तेव्हा तो फोन घेऊन बाहेर जायचा. काय करत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात एका दुपारी अम्मांकडं गेलो होतो. ॲप आता मी सांभाळतोय. नायनांचं वर्णन त्यात ठेवायचं की काढायचं, हे त्यांना विचारायचं होतं. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. श्रीनूनं बसवून ठेवलेला निरोप होता, त्या दिवसाच्या सूचना वाचून झाल्या की ॲप तो आपोआप पाठवतं. तेलुगूत दोनच वाक्यं: आज काही नाही, अम्मा. तू जेवून घे.

"हे आलं की मी ताट वाढून घेते," अम्मा म्हणाल्या आणि उठल्या. नायनांचं वर्णन मी तसंच राहू दिलं. निघण्याआधी त्या निरोपाच्या यादीत माझाही नंबर घातला. आता दुपारी ऑफिसात, शेजारच्या रिकाम्या खुर्चीलगत, माझाही फोन वाजतो. मी वाचतो, आणि डबा उघडतो.