फटफटीचं सुकलेलं बूच

लढाईच्या वर्षांत पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि मोताळ्याच्या आसपासची खेडी मी एका जुन्या फटफटीवरून फिरायचो. डॉक्टरकी नवी होती, स्वभाव मात्र लहानपणापासूनच संशयी. आई म्हणायची, हा पेलाभर दूधसुद्धा बुडाशी बघितल्याशिवाय पीत नाही. त्यात काही खोटं नव्हतं.

फटफटी मी ओसरीत लावायचो. ओसरी अर्धी माझी, अर्धी शेजारच्या शिंपीकाकांची. त्यांचं शिवणयंत्र तिथेच भिंतीला लागून असे. एकदा कुणाच्या लग्नाच्या कोटावर यंत्राचं तेल सांडलं, तेव्हा डाग काढायला काकांनी माझ्याकडून वाटीभर पेट्रोल मागून नेलं. डाग छान निघाला. आणि पुढच्याच आठवड्यापासून माझ्या टाकीतलं पेट्रोल कमी व्हायला लागलं.

मी कडुलिंबाची काडी टाकीत बुडवून तिच्यावर खूण करू लागलो. संध्याकाळी पेट्रोल खुणेपाशी, सकाळी बोटभर खाली. जमीन बघितली, तर सारवलेली आणि कोरडी ठणठणीत. मग चोरीशिवाय दुसरं काय असणार? काकांच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतो असंही मला वाटायला लागलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे मी रोग्यांना सांगायचो, स्वतःला नाही.

मग मी शक्कल लढवली. घरी आलो की टाकी पार रिकामी करायची, पेट्रोल डब्यात, डबा पेटीत आणि पेटीला कुलूप. सकाळी पुन्हा भरायचं. आता गंमत बघा, चोरी थांबायच्या ऐवजी वाढली! दुपारी मी जेवायला आत जायचो, तेवढ्या वेळातही काडी खाली गेलेली. आणि ओसरीत दुसरं होतं कोण?

काकांना मी तोंडावर एक शब्द बोललो नाही. तेवढी छाती नव्हती, आणि वरवर हसणं मला छान जमायचं. पण गावोगावी रोग्यांची नाडी बघताना बोलायचो, "आमच्या शेजारी कापड टाकताना जरा जपून हं." एवढंच. डॉक्टरच्या तोंडचं ते वाक्य माझ्या औषधांपेक्षा लवकर लागू पडलं. शिंप्याकडे लोक कापड टाकून निश्चिंत निघून जातात, त्यावरच त्याचं पोट. आता गिऱ्हाइकं माप देऊन तिथेच ठाण मांडायला लागली, कातर खाली ठेवेपर्यंत उठायची नाहीत. एका बाईनं तर उरलेल्या चिंध्यासुद्धा मागून नेल्या. काही जण यायचेच बंद झाले. मी खिडकीतून बघायचो आणि मला बरं वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं.

एक दिवस भर उन्हात फटफटी वाटेत बंद पडली. बैलगाडीत घालून ती नांदुऱ्याला नेली. तिथे कापसाच्या जिनिंगमधला एक म्हातारा मिस्त्री फटफट्याही दुरुस्त करायचा. त्यानं टाकीखालचा पेट्रोलचा कॉक खोलला आणि आतलं बूच तळहातावर घेतलं. मनुकेसारखं आकसलेलं.

"डॉक्टरसाहेब, टाकी रिकामी ठेवता का तुमी?"

"रोज. काऊन?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"बूच पेट्रोलमधी भिजून राह्यलं त फुगते, कोरडं पडलं त आकसते. जुनं होतं, थेंब थेंब जातच असन. तुमी त्याले रोज सुकवलं, मंग धारच लागली."

"पण जमिनीवर तर कधी ओल दिसली नाही!"

बोटभर पेट्रोल त्यानं जमिनीवर ओतलं. तो चिलीम भरेपर्यंत तिथे काहीच उरलं नव्हतं. नवं बूच कापून, गरम पाण्यात फुगवून त्यानं बसवलं, आणि मी साप साप म्हणून किती दिवस भुई धोपटत होतो ते मला कळलं.

घरी आलो तेव्हा काका काजं करत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. काडी, पेटी, आणि गावोगावी मी काय बोललो तेही. त्यांनी दातानं दोरा तोडला.

"हे मले काऊन सांगता, डॉक्टरसाहेब? मले त तुमी काईच म्हटलं नव्हतं. ज्यायले म्हटलं, त्यायले सांगजा."

म्हणून मी पुन्हा गावोगाव गेलो. काका निर्दोष आहेत, पेट्रोल माझ्याच फटफटीतून गळत होतं, असं ज्याला त्याला हात जोडून सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, माना डोलावून हाव हाव म्हणायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चोरावर बी पांघरूण घालता," तो म्हणाला, "देवमाणूस आहा तुमी." मी पुष्कळ शपथा घेतल्या, तशी त्याची खात्री वाढतच गेली. मी देवमाणूस झालो, आणि काका चोरच राहिले.