पदरचं वाक्य

"आवाज माझा, बोलणं त्यांचं. पोस्टमन काय पत्र वाचून रडत बसतो?"

"पोस्टमन पत्र गल्लीभर ओरडत नाही," बायको म्हणाली. "सकाळी ओरडता, मास्क लावा, घरात बसा. दुपारी व्यापाऱ्यांच्या सभेसाठी ओरडणार, बाहेर या, साधा फ्लू आहे. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. मास्क आहे की मला."

भोंगेवाल्याचं हे असं. खरं नाव काय ते बायको सोडून कुणाला आठवत नसे. तीनचाकी गाडी, टपावर दोन कर्णे, एका हातात हँडल आणि दुसऱ्यात माईक. पाणी येणार नाही, शेळी हरवली, दुकान उघडलं, गावाला जे काही कळायचं ते याच्या तोंडून. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवत फिरणाऱ्यांना तो डबेवाले म्हणायचा. लोक कागदावर चार ओळी लिहून द्यायचे, हा त्यात पदरची भर घालायचा. गादीवाल्यासाठी एकदा म्हणाला होता, "अशी गादी, की सासूनं हाक मारली तरी ऐकू येणार नाही." गादीवाल्याचा माल संपला, आणि पुढं महिनाभर सासवा त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवून जायच्या.

साथ आली तसं नगरपालिकेनं त्याला कामाला लावलं. हात धुवा, अंतर ठेवा, म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नका. त्याच्या आईला जुना दमा. टीव्हीवर डॉक्टर घसा फोडून सांगत होते, तेव्हा ती म्हणायची, "तो कोण, मी कोण? त्याला मी कधी जेवायला वाढलंय?" रस्त्यावरून लेकाचा आवाज आला आणि मग मात्र ती मुकाट्यानं मागच्या खोलीत जाऊन बसली. ही गोष्ट भोंगेवाला चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचा, छाती फुगवून.

इकडं बाजार अर्धा दिवस बंद. व्यापारी संघाचा अध्यक्ष चपलांचा दुकानदार होता, त्याची आणि दवाखान्यातल्या सिस्टरची रोज जुंपायची.

"दरवर्षी फ्लू येतो, दरवर्षी म्हातारी माणसं जातात," अध्यक्ष म्हणायचा. "कधी माझ्या दुकानाला कुणी कुलूप लावलं का?"

"फ्लू शरीराच्या ओळखीचा. त्याची लस आहे. ह्याची ओळख ना पाळख. आणि माझ्याकडं खाटा संपल्यात, ते तुमच्या चपलांना दिसत नाही."

"माझी कामावरची पोरं घरी बसलीत, ती तुमच्या खाटांना दिसतात का?"

दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. चहाच्या टपरीवरही दोन बाकडी झाली, फ्लूवाल्यांचं एक आणि मास्कवाल्यांचं एक.

मग संघानं मैदानावर सभा ठरवली आणि भोंगेवाल्याला कागद दिला. कागद अगदीच रूक्ष. बाजार उघडण्याबाबत जाहीर सभा, हा आजार फ्लूसारखाच आहे असं संघाचं मत, सर्वांनी यावे. अशा कागदावर कोण जमणार? पहिल्याच चौकात भोंगेवाल्याला रंग चढला. "अहो, दरवर्षी येणारा पाहुणा तो. चार दिवस राहतो, खोकतो, आणि आपली पिशवी उचलून जातो. पाहुण्याला भिऊन कुणी घराला कुलूप लावतं का?" दारादारांतून लोक हसले. हसले म्हणून तो पुढच्या चौकात तेच बोलला, आणि त्याच्या पुढच्याही. आईच्या कानी पडू देणार नाही, असा निघताना बायकोला शब्द दिला होता म्हणून स्वतःच्या गल्लीत तेवढा माईक बंद केला. पण आवाजाला गल्लीचं वळण थोडंच कळतं? पलीकडच्या रस्त्यावरून तो भिंती ओलांडून मागच्या खोलीत गेला.

ऊन कलल्यावर मैदानावर तो वायरी जोडत होता. मान वर केली तर दुसऱ्या रांगेत आई. पायात ठेवणीतल्या चपला, मास्क मुठीत, दोन्ही बाजूंना गल्लीतल्या म्हाताऱ्या. चालून आल्यानं छाती भात्यासारखी वाजत होती, तरी गप्पा चालूच.

"आई, तू इथं कशी?"

"पायानं."

"घरी चल."

"का? तूच बोलावलंस."

"मी नाही, संघानं. आवाज माझा, बोलणं..."

"पिशवी उचलून जातो म्हणालास. ते ह्या चपलावाल्याला सुचलं?"

अध्यक्ष जवळच खुर्च्या मोजत होता. "नाही हो आजी, आम्हाला कुठलं सुचतंय? कागदावर नव्हतंच ते. पण वाक्य झकास, मी भाषणात घेतलंय."

भोंगेवाला आईच्या कानाशी वाकला. "आई, ते मी असंच बोललो. लोक हसतात म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? ऊठ, तुझी छाती बघ कशी वाजतेय."

"मग माईकवर सांग तसं."

"तुला सांगितलं ना आत्ता?"

"ह्या पण तुझ्याच बोलण्यावर आल्यात. ह्यांना बसवून मी एकटी उठू? तोंड दाखवायचंय मला गल्लीत."

शेजारच्या म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती पदरात तोंड घालून बराच वेळ खोकली. आई तिची पाठ चोळायला लागली, तसा भोंगेवाला उठला आणि माईकपाशी गेला.

"हॅलो. ते पाहुण्याचं जे मी दुपारभर बोललो, ते संघाच्या कागदावर नव्हतं. ते माझ्या पदरचं. मला आजारातलं काही कळत नाही. म्हाताऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी घरात थांबावं, असं नगरपालिका सांगते. ज्यांना सभेला बसायचंय त्यांनी बसावं."

कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली. अध्यक्षानं माईक हिसकावला. "तुला सुपारी कशाची आणि तू वाजवतोस काय?" तोवर आईनं मास्क चढवला होता आणि म्हाताऱ्यांची रांग काठ्या टेकत निघाली होती. सभा झाली. भाषणही झालं, पाहुण्याशिवाय.

पुढचे काही दिवस बायको मागच्या खोलीच्या दाराशी ताट ठेवायची आणि नवरा-बायको आतला खोकला ऐकत बसायचे. आईला काही झालं नाही. त्या खोकणाऱ्या शेजारणीला मात्र ताप भरला. पुष्कळ दिवस पडून होती, उठली ती चिपाडासारखी होऊन. संघवाले म्हणाले, बघा, बरी झाली. सिस्टर म्हणाली, बघा, किती लोळवलं. टपरीवरची बाकडी होती तिथंच राहिली.

भोंगेवाला कुठल्याच बाकड्यावर बसला नाही. चहा गाडीतच प्यायचा. पण त्याच्या बोलण्यात एक फरक पडला. आधी कागद कुणाचा ते सांगायचं, मग कागदावरचं. नगरपालिकेचा कारकून म्हणाला, "दर वेळी 'नगरपालिका सांगते' कशाला? आमच्यावर ढकलल्यासारखं वाटतं."

"तुमचंच आहे ना? मग वाटू दे."

संघानं बरेच दिवस त्याला बोलावलं नाही. गाडी त्याच्याइतकी स्वस्तात कुणी फिरवत नव्हतं, म्हणून पुढं बोलावलंही. गंमत गेली, असं लोक म्हणायचे. गादीसाठी, शेळीसाठी तो अजून पदरची भर घालायचा. आजाराच्या कागदात मात्र स्वतःचा एक शब्द घालायचा नाही.

एके सकाळी तो बॅटरी जोडत असताना आईनं खिडकीतून विचारलं, "आज काय?"

"उद्या पाणी नाही."

"कोण म्हणतं?"

"पाणीपुरवठा खातं."

"मग हंडे भरून घेते," ती म्हणाली आणि आत वळली.

त्यानं माईकवर दोनदा टिचकी मारली, गाडीला किक दिली आणि पहिल्या चौकाकडं निघाला.