तापाचा अर्ज

“बेटा, कारण बदल दो. बुखार लिख दो,” असं सांगून मी शिवानीचा रजेचा अर्ज परत केला. तिने लिहिलं होतं, ‘सुबह से घबराहट होती है, रोना आता है, कक्षा में बैठा नहीं जाता.’

उज्जैनला फ्रीगंजमधल्या एका शाळेत मी हिंदी शिकवायचे, बारावीची क्लास टीचर होते. रजेचा अर्ज मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठच करून घ्यायचे. कारण एकच, बुखार. माझ्या वर्गांना जेवढा ताप आला तेवढा अख्ख्या उज्जैनला आला नसेल. ते चुरगळलेले अर्ज, वडिलांच्या नकली सह्या आठवल्या की अजून हसू येतं. फार प्रेमाचे दिवस होते ते.

शिवानीने निमूटपणे बुखार लिहिलं. पुढे महिनाभर ती आलीच नाही. बोर्डाच्या परीक्षेला ठरावीक हजेरी लागते. कमी पडली तर शाळा मेडिकल कागद जोडून सूट मागते. नाहीतर वर्ष गेलं.

तिचे वडील भैरवगढला कापडावर छपाई करायचे. रंगलेल्या बोटांनी त्यांनी सरकारी दवाखान्यातला पर्चा, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी दिली. तिच्यावर मनाच्या आजाराचे उपचार चालू होते.

प्रिन्सिपल सर म्हणाले, “मॅडम, अर्जात बुखार, पर्च्यात दुसरंच. अशी केस मी पुढे कशी पाठवू?”

खोटं माझं होतं, अडकली होती ती.

बाहेर येऊन मी वडिलांना हे सांगितलं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “मैडमजी, पहले तो उसने यही लिखा था. आपने लौटाया, मैंने रख लिया.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो कागद घेऊन मी परत आत गेले. “सर, खरा अर्ज हा. बुखार मी लिहायला लावला.”

“तसं लिहून द्याल?”

“देते.”

दिलं. सूट मिळाली. शिवानी सेकंड डिव्हिजनमध्ये पास झाली.

त्यानंतर फळ्यावर मी कारणाची जागा कोरी सोडायला लागले. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, ‘मैच देखना था.’ तो अर्ज नामंजूर केला.

रिटायर होताना माझ्याच जुन्या अर्जांची फाइल हाती आली. आई गेली तेव्हा तेरावं उरकून मी शाळेत रुजू झाले, पण वर्गात उभं राहवेना, म्हणून आणखी आठ दिवस रजा घेतली होती. माझ्याच सुवाच्य अक्षरात कारण होतं, ताप.