धुरामागची झाडं

सोमवारी सकाळी दादा गेला. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते. सौंसरहून चुलतभाऊ आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सुमनताई, चाल घरी."

त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे थांबले. लिहायचाही थकवा येतो... तरी लिहिते, कारण दादा शेवटी काय करत होता, हे कुणाला नीट सांगताच आलं नाही.

तो नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचा. छातीच्या दुखण्यानं घरी परतला, तेव्हा सोबत एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. तो आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा. कडाक्याच्या थंडीत संत्र्याची झाडं करपू नयेत म्हणून बाबा बगिच्यात ओला कडबा पेटवून धूर करतात. डॉक्टरांनी दादाला धुरात जायची मनाई केली होती. मग तो धूर पडद्यावर काढायला बसला. बाबा म्हणायचे, "धुरासाठी मशीन कायले लागते रे? दोन पेंढ्या देतो, पेटव."

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी कॉम्प्युटरनं नजरेच्या रेषेत पाऊल पाऊल आत जायचं, वाटेत लागलेला धूर जमा करत जायचं, मग त्या ठिपक्याचा रंग ठरायचा. चित्र वरून खाली ओळीओळीनं भरत यायचं, आणि अर्ध्यावर विजेची लाइन जायची. सगळं पुसलं जायचं. दादा काळ्या पडद्यासमोर तसाच बसून राहायचा. त्याच्याजवळ फार दिवस नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एक चित्र पुरं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं.

एका दुपारी तो म्हणाला, "मी उगाच चालून राहिलो, सुमे. जिथं धूरच नाही तिथं लांब ढांग टाकायची. अन् धूर इतका दाट झाला की मागचं दिसत नाही, तर तिथंच थांबायचं. पुढचं मोजायचं कायले?"

त्यानं प्रोग्राम तसा बदलला, आणि त्या दिवशी लाइन जायच्या आत चित्र शेवटच्या ओळीपर्यंत आलं. मी बाबांना हाक मारली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"आपलाच बगीचा होय ना? झाडं कुठी आहेत?"

"धुरामागं आहेत, बाबा," दादा म्हणाला.

"काढली का नाही मंग?"

"दिसत नाही ना. मशीनले दम लागते."

बाबा हसले. दादाही हसला, मग खोकत राहिला. मी शाळेतून मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो काढला. थोड्या वेळानं लाइन गेली.

पुढे त्याला उपचाराला परत नागपूरला न्यायचं ठरलं, तेव्हा त्यानं नुसती नकाराची मान हलवली. मी समजावत बसले नाही.

कॉम्प्युटर आता डब्यात आहे. टीव्हीवर बाबा बातम्या पाहतात. फोटो त्यांनीच दादाच्या खोलीत भिंतीवर लावला. कुणी विचारलं तर म्हणतात, "मागं झाडं आहेत."

खोलीत आता तेवढा फोटोच आहे.