वच्छलाबाईची झाडं

टेंभुर्णीच्या रस्त्याला, जाफराबादपासून थोड्या अंतरावर, तीन एकरांचं वनस्पती उद्यान आहे. गायरानातून आणि डोंगरउतारावरून नाहीशी होत चाललेली झाडं तिथं लावलेली आहेत. ती जगवायला गावच्या तीसेक लोकांनी मित्रमंडळ काढलं. कुणी बँकेतला, कुणी तहसीलीतला, आणि मंडळाचं सगळं बघायच्या त्या निवृत्त शिक्षिका प्रेमलाबाई. हिवाळा आला की मंडळाचं काम वाढतं. बिया गोळा करायच्या, पाट्या रंगवायच्या, रविवारी लोकांना बागेतून फिरवायचं आणि संक्रांतीच्या आसपास वर्षाचं पत्रक काढायचं.

या शिकलेल्या मंडळींत रायभान एकटाच अंगठेबहाद्दर होता. मेंढरं वळण्यात त्याचा जन्म गेलेला. गायरानाला कुंपण पडलं तशी त्यानं मेंढरं विकली आणि रोजानं कामाला जाऊ लागला. एकदा बागेत खड्डे खणताना त्यानं एका झुडपाकडं बघून सहज सांगितलं, "ही मुरुडशेंग. पोटात कळ उठली की उगाळून देतात." प्रेमलाबाईंनी त्याच दिवशी त्याला मंडळात घेतलं.

तेव्हापासून सात वर्षं ज्या झाडाचं नाव कुणाला येत नसे त्याची डहाळी रायभानकडं जाई. तो ती बंडीच्या खिशात घालायचा, म्हणायचा, "उद्या सांगतो, बाई." दुसऱ्या दिवशी नाव, गुण, कोणत्या दुखण्याला काय, सगळं बराबर सांगायचा. बेचाळीस झाडांच्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माहिती : रायभान'.

मार्गशीर्षात त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, ताप भरला. चौथ्या दिवशी धाप लागली. जीपमध्ये घालून जाफराबादला नेलं, तिथून जालन्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरावं झाल्यावर रायभान बागेत आला. कुड्याच्या शेंगा फुटून कापूस उडू लागला होता. तो आणि प्रेमलाबाई बिया गोळा करीत होते. प्रेमलाबाई सांत्वनाचं काही बोलल्या, त्यानं मान हलवली. जाताना बाईंनी एक वेल दाखवली. घाटाकडून आणलेली, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. रायभाननं सवयीनं एक पान खुडून खिशात टाकलं.

घरी आला, वहाणा काढल्या, पान काढून उंबऱ्यातूनच म्हणाला, "वच्छले, हे बघ बरं काय हाय."

आत सून भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. रायभान पान धरून तसाच उभा राहिला, मग खालीच बसला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा मेळावा होता. जांभळीखाली सतरंजी, तिळाचे लाडू, बाहेरगावची माणसं. अध्यक्ष केदार शाल घेऊन उठले. "आपल्या बागेचं चालतंबोलतं पुस्तक म्हणजे आपले रायभानमामा," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या.

रायभाननं शाल घेतली नाही.

"मला एकबी झाड ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "मुरुडशेंग तेवढी ठाऊक होती, लहानपणी पोट दुखायचं म्हणून. बाकीची सगळी मालकिणीनं सांगितली. मी डहाळी घरी न्यायचो. ती पान चुरगाळायची, वास घ्यायची, मंग सांगायची. मी हितं येऊन बोलायचो."

"मामा, घरातलंच की ते. तुम्ही काय नि त्या काय," केदार म्हणाले.

"न्हाई साहेब." रायभान म्हणाला. "ती म्हणायची, मलाबी एकदा दाखवा ती बाग. सात वर्षं म्हणत राह्यली. मी म्हणायचो, तिथं शिकलेली माणसं असतात, तुझं काय काम. मला वाटायचं, ती आली आन् तिनंच सांगाय सुरुवात केली, तर मला कोण इचारल? घरापासून बाग कोसभरबी लांब न्हाई."

शालीची घडी केदारांच्या हातात तशीच राहिली.

प्रेमलाबाईंनी छापायला निघालेलं पत्रक थांबवलं. बिया किती जमल्या, फेऱ्या किती झाल्या, ते मागच्या पानावर ढकललं आणि पहिल्या पानावर वच्छलाबाईबद्दल लिहायला घेतलं. लिहिताना कळलं, चार ओळींपुढं मजकूरच नाही. बाईंनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. फोटो मागितला तर रायभान म्हणाला, "आधार कार्डावरचा हाय तेवढा."

पाट्या उतरवून रंगवायला घेतल्या तेव्हा बाईंनी विचारलं, "पूर्ण नाव काय घालू?"

रायभाननं विचार केला. "तिच्या बापाचं नाव लावा. बद्रीनाथ. ढोरामेंढरांना औषध द्यायचा तो. त्याच्यामागं फिरून शिकल्ती ती. माझं नगं."

माघात पाट्या परत लागल्या. त्या दिवशी रायभाननं बाईंना प्रत्येक पाटी वाचायला लावली. कुडा, वच्छलाबाई बद्रीनाथ. धावडा, वच्छलाबाई. बिबा, वच्छलाबाई. पंधरावीस पाट्यांनंतर बाई थांबल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, बाकीच्या उद्या वाचू."

"वाचा बाई," तो म्हणाला. "सात वर्षं उद्याउद्याच करून राह्यलो मी."

बाईंनी बेचाळीसही वाचल्या.

पुढच्या रविवारी एका पाहुण्यानं त्याला त्या घाटाकडच्या वेलीचं नाव विचारलं. "सांगणारी गेली," रायभान म्हणाला, आणि रोपांना पाणी घालायला वळला.