अण्णांच्या फोनमधला जुना ब्राउझर

लोक ब्राउझर का बदलतात, असं आमच्या सरांनी एकदा वर्गात विचारलं होतं. मुलींनी पटापट उत्तरं दिली. हा लवकर उघडतो, तो जाहिराती दाखवत नाही, यात माहिती सुरक्षित राहते. मी तेच वहीत उतरवून घेतलं. खरं म्हणजे वर्गातल्या बहुतेकींनी तो कुणीतरी सांगितलं म्हणून बदलला होता. माझा मैत्रिणीनं बदलून दिला होता, तिचा तिच्या भावानं. पण हे उत्तर म्हणून सांगण्यासारखं वाटलं नाही. मी तशीही वर्गात फार बोलत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आपलं काहीतरी चुकेल असं सारखं वाटत राहतं.

त्याच आठवड्यात मी अण्णांचा ब्राउझर बदलला.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेर गावात बसस्टँडजवळ त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार कापून काढायची आणि तितकेच फेरे देऊन नवी तार भरायची, हे त्यांचं काम. फेरे चुकले तर मोटार पुन्हा जळते. म्हणून तार कापली की आधी फेरे मोजायचे, मगच ती भंगारच्या पोत्यात टाकायची, अशी त्यांची पहिल्यापासूनची रीत.

त्यांच्या फोनमध्ये मोबाईलवाल्यानंच टाकून दिलेला एक ब्राउझर होता. उघडला की नट्यांचे फोटो, झटपट कर्ज, वजन कमी करायच्या गोळ्या. एकदा एक गिऱ्हाईक त्यात डोकावून म्हणालं, "मिस्त्री, या वयात?" सगळे हसले. त्या दिवसापासून अण्णा फोन बाकावर पालथा ठेवायला लागले. ते मला बघवेना.

रविवारी मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुमचा ब्राउझर बदलू का? यातलं काही लागतं का तुम्हाला?"

"ते काय असतं?"

"हे बघा. नट्या येतात ते."

"ते कशाला लागतंय मला? काढून टाक."

फोनमध्ये जागा नव्हती. मी आधी जुना काढला, मग नवा टाकला. पहिलं पान कोरं, पांढरं. शिकल्याचा घरात काहीतरी उपयोग झाला, असं वाटून मला उगाच बरं वाटलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी बसमधून उतरले. धाराशिवच्या कॉलेजातून उभ्यानं आले होते, पाय दुखत होते. दुकानात एक चाचा बसले होते. तेरणा नदीच्या काठाला त्यांची मेथी-कोथिंबीर असते. त्यांची मोटार बाकावर उघडी पडलेली, आतली तार काढलेली, खाचा रिकाम्या. उद्या सकाळी त्यांच्याकडं लाईट येणार होती आणि मेथीला पाच दिवस पाणी नव्हतं. सकाळपर्यंत मोटार देतो, असा शब्द अण्णांनी दिला होता.

मला बघताच अण्णांनी फोन पुढं केला. "यातली पानं कुठं गेली?"

"कसली पानं?"

"मोटारीची. कुठल्या कंपनीच्या मोटारीला किती फेरे, कसली तार. म्या जपून ठिवली हुती."

तेव्हा मला कळलं. कुठल्याशा जुन्या मिस्त्रीनं असले तक्ते इंटरनेटवर टाकले होते. अण्णांना ते सापडले होते आणि एकेक पान त्यांनी त्या ब्राउझरमध्ये साठवलं होतं. पानं हाताशी आल्यापासून त्यांनी फेरे मोजणं सोडलं होतं. आजही न मोजताच तार कापून पोत्यात टाकली होती.

"अण्णा, ती त्या जुन्यात होती. त्याच्याबरोबर गेली."

"गेली म्हंजी? फोन तर ह्योच हाय."

त्यांच्या लेखी ती पानं फोनमध्ये होती. मी विचारलं होतं ब्राउझरचं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं नट्यांचं. हे मला आता दिसत होतं.

मी नव्या ब्राउझरमध्ये शोधत बसले. तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या दुसऱ्या कंपन्यांच्या मोटारी सापडल्या, ही नाही. ही कंपनी कधीच बंद पडलेली. तो तक्ता कुठल्या साईटवर होता, तेही अण्णांना सांगता येईना. "वर निळी पट्टी हुती," एवढंच.

चाचा म्हणाले, "क्यों बेटी, कालिजात बापाचा मोबाईल पुसायला शिकवतेत का?"

मी पुन्हा फोनमध्ये शोधायला लागले.

"मंग मेथीला जाऊन काय सांगू? थांब बाई, मिस्त्रीची पानं हरवलीत?"

"चाचा, राहू द्या," अण्णा म्हणाले. "म्या मोजलं न्हाय, चूक माजी हाय." मग त्यांनी भंगारचं पोतं जमिनीवर पालथं केलं.

त्यात चार-पाच मोटारींची तार एकत्र होती. कंपनीनं भरलेल्या तारेचं व्हार्निश लालसर असतं, अण्णांचं पिवळं. ही मोटार कंपनीनंच भरलेली, त्यावरून त्यांनी तिचे दोन झुबके वेगळे काढले. झुबक्यात कापलेली जेवढी टोकं, तेवढे फेरे. टोकं काळी पडून एकमेकांना चिकटलेली. माझे एकदा बेचाळीस आले, एकदा पंचेचाळीस. चाचांनी झुबका माझ्या हातातून घेतला. "कोथिंबिरीच्या काड्या मोजत्यात का असं? धा-धाची जुडी बांध." आम्ही दोऱ्यानं दहा-दहा टोकं बांधत गेलो. दोन्ही झुबक्यांत चव्वेचाळीस निघाले. अण्णांनी तारेची जाडी मोजली आणि लगेच नवी तार काढली. मला म्हणाले, "तू जा घरी, दमलीस." त्यांनी रागावायला हवं होतं, असं मला वाटलं.

सकाळी दुकानात गेले तर मोटारीच्या पोटात बल्ब पेटता ठेवला होता, व्हार्निश वाळायला. चाचांच्या रिक्षात मोटार चढवली आणि अण्णांबरोबर मीही मागं बसले. कॉलेजची बस आमच्या समोरून गेली.

काठावर मोटार जोडून झाली आणि लाईट आली. अण्णांनी बटण दाबलं. मोटार घुमली, पाईप हलला, आधी हवा आली, मग पाणी. चाचा "आलं, आलं!" म्हणत मेथीकडं गेले. अण्णा तिथंच उकिडवे बसले. मोटारीवर तळहात ठेवून ती तापते का ते बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गार हाय." आणि मग, हात तसाच ठेवून, "ते जुनं परत टाक फोनात."

"अण्णा, आता त्यात काहीच नाही. नुसत्या नट्या असतील."

"असू दे. कुठं काय दाबायचं ते त्यातलं मला ठाव हाय."

मी फोन घेतला. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि त्यांचं चूक आहे असंही वाटेना. काठाला रेंज कमी होती. मी बांधावर बसून जुना ब्राउझर डाउनलोड व्हायची वाट बघत राहिले.