मागच्या दाराशी खोळंबलेली मालगाडी

तव्यावरचा पॅनकेक उलटायला आला आणि नेमकी तेव्हाच मागच्या दारावर थाप पडली. त्या दाराने आमच्याकडे फक्त मांजर येतं. नाइटगाउनवर कोट चढवून दार उघडलं तर समोर व्हर्ला स्टेनक्विस्ट. डोक्यावर हेल्मेट, भुवयांवर बर्फाचे कण.

"लोइस, नवऱ्याचा ट्रक हलव बाई. त्याचं ढुंगण माझ्या रुळावर आलंय."

तिच्या मागे गाडी खरंच खोळंबली होती. एक इंजिन आणि चार डबे, आमच्या गावच्या रेल्वेचा संसार एवढाच. मोठ्या लाइनवर सोडलेले डबे उचलायचे, आमच्या परसामागून इंडस्ट्रियल पार्कात पोचवायचे आणि रिकामे घेऊन परत यायचं. वेग असा, की शेजारच्यांचा म्हातारा कुत्रासुद्धा तिच्याशी शर्यत लावतो.

इंजिन अर्ल चालवतो. डबे जोडणं, सोडणं, रुळांचे सांधे बदलणं, आमच्या घराजवळच्या फाटकाशी उतरून मोटारी थोपवणं, हे सगळं व्हर्लाकडे. नवरा गेल्यावर बेकरी सोडून ती या कामाला लागली तेव्हा गाव म्हणालं, थंडी पडली की पळेल. पळाली नाही. उलट घट्ट बसलेल्या सांध्याला ती ज्या शिव्या घालते, त्या ऐकून आमचे पाद्रीबाबा हल्ली दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातात.

या हिवाळ्यात मात्र तिला मूतखडा झाला. कारण गावभर ठाऊक आहे. इंजिनात संडास नाही. अर्ल झुडपामागे जातो. व्हर्ला खोक्यांच्या कारखान्यात जायची. तिथे नवा मॅनेजर आला आणि बाहेरच्यांना दार बंद झालं. तेव्हापासून कामावर असताना बाईने पाणी पिणंच सोडलं. आता तिचा साहेब रॉली मागे लागलाय, ऑफिसात बस, फोन घे. शुक्रवारी त्याला उत्तर हवंय.

मी आत वळून ओरडले, "गॉर्डी, तुझा ट्रक रुळावर आहे!"

"काठावर आहे," न्हाणीघरातून आवाज.

"काठ रेल्वेचाच आहे, राजा," व्हर्ला म्हणाली.

गॉर्डी अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून बाहेर आला. ट्रक खोकला, थांबला, पुन्हा खोकला. अर्लने भोंगा दिला.

"वाजव, वाजव!" व्हर्ला तिकडे हात उडवत ओरडली. "घाबरून चालू होईल तो!"

पॅनकेक एव्हाना कोळसा झाला होता. मी कॉफीचा मग तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटून वास घेतला आणि मग कठड्यावर ठेवून दिला.

"अगं, पी की. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"भरपूर पाणी प्या. त्यांना काय जातंय? त्यांच्या मजल्यावर चार बाथरूम आहेत."

"मग रॉलीला काय सांगणार?"

"काय सांगू? त्या खुर्चीतून पार्किंग दिसतं. दिवसभर पार्किंग बघायचं, लोइस! आणि हॅलो हॅलो करायचं." तिने नाक पुसलं. "पण परत तो खडा झाला तर मेलेच मी. केवढं दुखतं ते! दोन बाळंतपणं परवडली."

ट्रक एकदाचा सुरू होऊन अंगणात सरकला. गॉर्डीने विजयी वीरासारखा हात हलवला. व्हर्लाने अर्लला खूण केली, एक पायरी उतरली आणि थांबली. मग वळली. एरवी चारचौघांत बेधडक बोलणारी ही बाई, पण आता नजर माझ्या सपातांवर.

"तुमच्या मागच्या दाराला लागून ते छोटं बाथरूम आहे ना?"

"आहे."

"फाटकाशी मला रोज उतरावंच लागतं. तेवढ्यात मला ते वापरू देशील? बूट बाहेर काढीन."